घराचे छप्पर आणि वादळवारा : एक समवाय पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : सामान्य विज्ञान, गणित व कार्यानुभव. तासिका : ४)

पाठाचे प्रयोजन

कोकणच्या किनारपट्टीवर पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचा प्रघात फार जुना आहे. चैत्र-वैशाखात घरोघरी शिडी लागते, फुटकी कौले बदलली जातात, वाळवी लागलेल्या रिपा काढून नव्या ठोकल्या जातात. पागोळीचे पाणी अंगणात पडावे, ते माजघरात उतरू नये, हा या सर्व खटाटोपाचा हेतू असतो. छप्पर पावसासाठी असते, ही समजूत त्यामुळे मुलांच्याच नव्हे, तर मोठ्यांच्याही मनात पक्की रुजलेली आहे. छपराला वाऱ्याशीही झुंजावे लागते, हा विचार तीत सहसा येत नाही.

तो विचार करणे आता भाग पडले आहे. दि. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' या चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांची व शाळांची छपरे उडाली. त्यानंतर वर्ष पुरते होण्याच्या आतच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' हे चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातकडे गेले. त्यापूर्वी नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' येऊन गेले होतेच. अरबी समुद्रातील वादळे मुख्यत्वे पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर उठतात, ही गोष्ट या तीन उदाहरणांवरून विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावी.

'निसर्ग' वादळानंतर पावसाळा अगदी तोंडावर होता. डोक्यावर काहीतरी घालणे निकडीचे होते. पुष्कळ कुटुंबांनी कौलांऐवजी पत्रे घातले. पत्रा लवकर चढतो, गळत नाही, त्याखाली लाकूड कमी लागते. तेव्हा त्यांचा निर्णय अयोग्य होता असे म्हणता येणार नाही. परंतु अशा घाईत चढविलेले छप्पर पुढे वीस-पंचवीस वर्षे तसेच राहते. कौलारू छपराची बांधणी पत्र्याला पुरत नाही, ही गोष्ट ज्यांनी ध्यानात घेतली नाही, त्यांचे नवे छप्पर जुन्यापेक्षाही दुबळे झालेले असते आणि पुढचे वादळ येईपर्यंत ते कोणास कळत नाही. कौल आपल्या वजनाने जागेवर बसते; पत्र्याला वजन नाही, म्हणून त्याला बांधूनच ठेवावे लागते. हे एक तत्त्व विद्यार्थ्यांस प्रयोगाने दाखवावे, हिशेबाने पटवावे आणि त्यांच्यामार्फत घराघरांत पोहोचवावे, हे प्रस्तुत पाठाचे प्रयोजन आहे.

छपराची मोठी कामे लोक पावसाळा सरल्यावर हाती घेतात. म्हणून हा पाठ दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेणे इष्ट होय.

साहित्य : पुठ्ठ्याची खोकी, जाड कागद, वहीच्या कागदाच्या पट्ट्या, विजेचा पंखा, सुतळी व शिवणाचा दोरा, मंगलोरी कौल, पन्हळी पत्र्याचा कडा घासून बोथट केलेला तुकडा, वजनकाटा.

तासिका पहिली : वारा छपराला काय करतो?

प्रारंभी विद्यार्थ्यांस प्रश्न विचारावा : "वादळात छप्पर कोणत्या दिशेला जाते?" बहुतेक मुले सांगतील की, वारा छपराला ढकलतो अथवा दाबतो. हे उत्तर खोडून काढू नये. त्यावर दुसरा प्रश्न विचारावा : "वादळानंतर पत्रे कोठे सापडले?" किनाऱ्यावरील मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलेले असते. भिंती उभ्या राहिल्या आणि पत्रे मात्र दूरच्या शेतात किंवा झाडावर सापडले. वाऱ्याने छप्पर केवळ दाबले असते, तर ते घरातच कोसळले असते. त्या अर्थी ते प्रथम वर उचलले गेले असले पाहिजे. हे अनुमान शिक्षकांनी स्वतः सांगण्याची घाई करू नये. ते मुलांकडूनच काढून घ्यावे.

यानंतर पुढील प्रयोग करावा. पुठ्ठ्याच्या खोक्याची झाकणे कापून टाकावी व जाड कागदाला मधोमध घडी घालून त्याचे दुपाखी छप्पर खोक्यावर नुसते ठेवावे. समोर पंखा ठेवून त्याचा वेग हळूहळू वाढवावा. प्रथम छपराची कड थरथरते, मग एक कोपरा उचलला जातो आणि क्षणात सगळे छप्पर उडते. आता वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकी कापावी आणि प्रयोग पुन्हा करावा. या वेळी कमी वेगातच छप्पर उडालेले दिसेल.

या दोन्ही घटनांची कारणे सोप्या शब्दांत अशी सांगता येतील. छपरावरून जाणाऱ्या वाऱ्याला वाट अपुरी पडते व त्याचा वेग वाढतो. वेग वाढला की छपरावरील हवेचा दाब कमी होतो. घरातील हवेचा दाब मात्र तेवढाच असतो. तो छपराला खालून वर रेटतो. त्यातच वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार मोडले, तर बाहेरचा वारा आत शिरून छपराला आतून धक्का देतो, आणि दोन्ही बळे एक होतात. पावसात छत्रीच्या आत वारा शिरला म्हणजे छत्री उलटते, हा सर्वांच्या अनुभवाचा दाखला येथे द्यावा. वादळाची सूचना मिळताच दारे-खिडक्या घट्ट लावून घ्याव्या, असे का सांगतात, हे त्यावरून मुलांस आपोआप उमगेल.

वाऱ्याची ओढ छपरावर सर्वत्र सारखी नसते. कोपरे, वळचणीची कड आणि आढ्यालगतचा भाग येथे ती सर्वांत अधिक असते. प्रयोगात आधी कोपरा का उचलला गेला, याचे उत्तर यात आहे.

तासिका दुसरी : गणिताचा पाठ

वाऱ्याच्या दाबाचे एक सोपे सूत्र इमारतींच्या शास्त्रात वापरतात. वाऱ्याचा दर सेकंदाचा वेग मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा व त्यास ०.६ ने गुणावे. येणारे उत्तर हे दर चौरस मीटरवरील दाब, न्यूटन या एककात असतो. त्याला ९.८ ने भागले असता किलोग्रॅमच्या वजनात आकडा मिळतो. वरच्या इयत्तेतील मुलांकडून पुढील तीन उदाहरणे सोडवून घ्यावी. लहान मुलांस केवळ उत्तरे सांगितली तरी चालेल.

ताशी ६० किलोमीटर : दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो.
ताशी ९० किलोमीटर : दर चौरस मीटरला सुमारे ३८ किलो.
ताशी १२० किलोमीटर : दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो.

वेग ६० वरून १२० झाला, म्हणजे दुप्पट झाला. दाब मात्र चौपट झाला. हे फळ्यावर लिहून मुलांस त्याचा विचार करू द्यावा.

आता कौल वजनकाट्यावर ठेवावे. मंगलोरी कौल साधारणतः दोन ते तीन किलोंचे भरते आणि एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात. अडीच किलोंच्या हिशेबाने साडेसदतीस किलो झाले. रिपांचे वजन धरून ४० किलो मानू. पन्हळी पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल, तर एका चौरस मीटरचे वजन सुमारे पाच किलोच भरते.

हे दोन आकडे वरील तीन आकड्यांशेजारी मांडले की सारा विषय स्पष्ट होतो. नेहमीच्या सोसाट्याच्या वाऱ्याला कौलांचे वजन पुरून उरते. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यापुढेही ते जेमतेम टिकते. शिवाय कौलांच्या फटींतून थोडी हवा निघून जाते व आतला दाब काहीसा हलका होतो. पूर्वजांनी छपराच्या बांधणीकडे विशेष लक्ष न देताही त्यांची घरे वर्षानुवर्षे का टिकली, याचा हा उलगडा होय. १२० च्या वाऱ्यात मात्र ४० किलोंचे वजन ६८ किलोंच्या ओढीला पुरे पडत नाही. म्हणून 'निसर्ग' वादळात कौलेही उडाली. पत्र्याचे वजन तर ६० च्या वाऱ्यालासुद्धा पुरत नाही. त्याची सारी भिस्त बांधणीवर असते.

पुढे एका घराचा हिशेब करावा. दुपाखी घर आहे. प्रत्येक पाखे ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ ६४ चौरस मीटर. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात वर ओढणारे बळ ६४ × ६८ = ४३५२ किलो. पत्र्यांचे वजन ६४ × ५ = ३२० किलो. वजाबाकी केल्यास ४०३२ किलो उरतात. एकेका पाख्याला एक मीटर अंतराने ९ वासे, म्हणजे एकूण १८ वासे आहेत. ४०३२ भागिले १८ म्हणजे २२४. याचा अर्थ असा की, प्रत्येक वासा भिंतीवर जेथे टेकतो, तेथील सांध्याने सव्वादोन क्विंटल ओझे धरून ठेवले पाहिजे. तांदळाची ५० किलोंची साडेचार पोती एका खिळ्याला टांगली तर काय होईल, असे विचारावे. उत्तर मुले हसतहसत देतील, पण ते विसरणार नाहीत.

हा हिशेब ढोबळ आहे, हे शिक्षकांनी स्पष्ट करावे. छपराचा उतार, घराची उंची, आसपासची झाडे व उघडा समुद्र यांनुसार आकडा कमीअधिक होतो. वासे व रिपा यांचे वजनही येथे धरलेले नाही. प्रत्यक्ष घराच्या कामासाठी जाणकार अभियंत्याचा सल्ला घेणेच योग्य.

तासिका तिसरी : साखळीचा पाठ

सुतळीच्या तुकड्यांच्या पाच कड्या करून त्या एकमेकींत गुंतवाव्या. त्यांतील एक कडी शिवणाच्या एकेरी दोऱ्याची असावी. साखळीला दगड टांगून वजन हळूहळू वाढवत जावे. दोऱ्याची कडी तुटते, बाकीच्या चार जशाच्या तशा राहतात. हाच प्रयोग दोऱ्याच्या कडीची जागा बदलून करावा. ती कोठेही असो, साखळी तेथेच तुटते.

घराच्या छपराची साखळी अशी आहे : पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीच्या माथ्यावरील आडव्या लाकडाला, ते लाकूड भिंतीला आणि भिंत जोत्याला बांधलेली असावयास हवी. या पाचही कड्यांचे चित्र फळ्यावर काढावे. पुष्कळ ठिकाणी पत्रा रिपेला मजबूत हुकांनी बसविलेला असतो, पण रीप वाशाला एका खिळ्यावर अडकलेली असते. अशा घराचे पत्रे रिपांसकट उडतात. कोठे वाशापर्यंत सारे ठीक असते, पण आडवे लाकूड जांभ्याच्या भिंतीवर नुसते ठेवलेले असते. तेथे सबंध छप्पर एकसंध उचलले जाते. पहिली कडी भक्कम केल्याने पुढच्या कड्यांवरील ताण कमी होत नाही, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी.

छप्पर बदलताना ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

या गोष्टी तिसऱ्या तासिकेच्या उत्तरार्धात सांगाव्या व मुलांस वहीत उतरवून घेण्यास सांगाव्या. वही घरी जाते आणि पालकांच्या नजरेस पडते, हा त्यामागील हेतू आहे.

१. छप्पर उतरविलेले असते, तेव्हाच भिंतीचा माथा व वाशांची टोके उघडी असतात. खालच्या कड्या बळकट करण्याची संधी तेवढीच. पत्रे चढल्यावर ती गेली.

२. भिंतीच्या माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा असावा व आडवे लाकूड त्यात बसविलेल्या बोल्टांनी आवळावे. पट्टा करणे शक्य नसेल, तर सळई भिंतीत पुरेशी खोल न्यावी. केवळ वरच्या चिऱ्यात अडकविलेली सळई त्या चिऱ्यासह उपटून येते.

३. वासा व आडवे लाकूड यांचा सांधा, तसेच आढ्यावर दोन वासे मिळतात तो सांधा, लोखंडी पट्टी दोन्ही बाजूंनी वळवून जोडावा. सरळ ठोकलेला खिळा वरच्या ओढीने निघून येतो.

४. पत्रा पन्हळीच्या उंचवट्यावर भोक पाडून, हुकाने किंवा स्क्रूने बसवावा. खळग्यात भोक पाडल्यास पाणी गळते. प्रत्येक हुकाला रुंद वायसर असावा, नाहीतर पत्रा हुकाभोवती फाटून सुटतो. अतिशय पातळ पत्रा स्वस्त मिळाला तरी याच कारणाने घेऊ नये.

५. वळचण, आढे व दोन्ही टोकांच्या कडा येथे एक पन्हळ सोडून एक याप्रमाणे हुक द्यावे. मधल्या भागात ते काहीसे विरळ चालतात.

६. छप्पर फार सपाट नसावे. साधारण २२ ते ३० अंशांचा उतार वाऱ्याला व पावसाला दोहोंना मानवतो. नव्याने बांधावयाचे असल्यास दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वादळात अधिक टिकते, कारण त्याला वारा अडविणारी उभी त्रिकोणी भिंत नसते.

७. पागोळीसाठी छप्पर भिंतीबाहेर काढावेच लागते; पण ते दीड फुटाहून अधिक काढू नये. लांब वळचणीला वारा खालून पकडतो. पडवीचे छप्पर मुख्य छपराला सलग न जोडता वेगळे ठेवावे. पडवीचे गेले तरी घराचे राहील.

८. खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड लवकर गंजते. हुक, पट्ट्या व स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे. कौले परतण्याच्या दिवसांत आता पत्र्याचे हुकही तपासावे व गंजलेले बदलावे.

९. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड, विटा किंवा टायर ठेवण्याची चाल आहे. मोठ्या वादळात पत्रा तर जातोच आणि वरचा दगड कोणाच्या तरी अंगावर पडतो. बांधणी करण्यास अवधीच नसेल, तर जाड दोर छपरावरून आडवे टाकून जमिनीत खोल रोवलेल्या खुंटांना ताणून बांधावे.

१०. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू, कापू किंवा घासू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते. ओले करून, अखंड उतरवून घ्यावे. मुलांस त्या जागी जाऊ देऊ नये.

खर्चाचा प्रश्न पालकांच्या मनात प्रथम येईल व तो रास्त आहे. नवे छप्पर म्हणजे अनेक कुटुंबांची काही वर्षांची शिल्लक, किंवा डोक्यावरचे कर्ज. पट्ट्या, बोल्ट व वायसर यांचा खर्च पत्र्यांच्या आणि लाकडाच्या खर्चाच्या मानाने थोडा असतो. आणि तोच वाचविला, तर बाकीचा सगळा खर्च वाऱ्यावर सोडल्यासारखा होतो. शाळेने हे सांगताना कोणाच्या घराला नावे ठेवू नयेत. ज्यांची छपरे गेली त्यांची मुले वर्गात बसलेली असतात, याचे भान शिक्षकांनी सतत राखावे. उदाहरणासाठी शाळेची इमारत घ्यावी, कोणा विद्यार्थ्याचे घर घेऊ नये.

तासिका चौथी : निरीक्षण

वर्गाला शाळेच्या इमारतीभोवती फिरवून जमिनीवरूनच छपराचे निरीक्षण करवावे. कोणत्याही मुलास शिडीवर किंवा छपरावर चढू देऊ नये. साखळीतील कोणत्या कड्या दिसतात, कोणत्या दिसत नाहीत, हुक कोठे गंजले आहेत, कोणत्या खिडकीची कडी बसत नाही, याची नोंद गटागटाने करवावी. या नोंदी एकत्र करून मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवाव्या. आपत्तीच्या वेळी गावकऱ्यांस आसरा देण्याची पाळी पुष्कळदा शाळेच्याच इमारतीवर येते. तेव्हा तिची एखादी कडी दुबळी असेल, तर ते वादळाआधी कळणे अगत्याचे आहे.

स्वाध्याय

१. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दर चौरस मीटरवरील दाब काढा. तो कौलांच्या वजनाहून अधिक आहे की कमी?
२. एका घराची दोन्ही पाखी प्रत्येकी ६ मीटर लांब व ३ मीटर रुंद आहेत. त्यावर पत्रे घातले, तर पत्र्यांचे वजन किती? तेवढ्याच छपरावर कौले घातली तर किती?
३. वाऱ्याच्या बाजूची खिडकी मोडली असता छपराला अधिक धोका का पोहोचतो?
४. छपराच्या साखळीतील पाच कड्या क्रमाने लिहा. आपल्या घरच्या छपरात त्यांपैकी कोणत्या कड्या जमिनीवरून दिसतात, ते वडीलधाऱ्यांसमवेत पाहून लिहा.
५. घरातील किंवा शेजारच्या वृद्ध माणसांस विचारा : पूर्वी छपराला कोणते लाकूड वापरीत, वासे कशाने बांधीत व कौले केव्हा परतीत? त्यांची उत्तरे आपल्या शब्दांत लिहून आणा व वर्गात वाचून दाखवा.